गिटारची रिफ कोणाची? बँडमधले श्रेय, हक्क आणि पैसा

प्रश्नकर्ता इंदूरच्या एका चौघांच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. बँडच्या एका हिंदी गाण्याची सुरुवात ज्या रिफने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या गिटारच्या धुनेने, होते आणि प्रत्येक मुखड्यानंतर जी पुन्हा येते, ती रिफ त्याने बसवली. शेवटच्या अंतऱ्याआधीचा सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) हाही त्याचाच. शब्द आणि गायची चाल गायकाची. डिजिटल वितरकाकडे गाणे चढवताना गायकाने गीतकार आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत एकट्याचे नाव भरले, आणि त्या वेळी कोणी ते पाहिले नाही. आता एका वेबमालिकेला ते गाणे हवे आहे, रक्कम बरी आहे, आणि हिश्शाची गोष्ट निघताच गायकाने सांगून टाकले की गाणे त्याचे, इतरांनी फक्त वाजवले. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा गिटारवादक मिक टेलर याचा दाखला देऊन प्रश्नकर्त्याने विचारले आहे की गिटारवादकाच्या नशिबी हे असेच असते का, आणि कायद्याने काही करता येते का.

कायद्याने करता येते, आणि तुमच्या बाबतीत बरेच काही करता येते. मात्र ते "मी या गाण्यासाठी खूप मेहनत घेतली" या आधारावर करता येत नाही. आणि इंदूरच्या न्यायालयांत कॉपीराइटची कामे करताना माझ्याकडे येणारे बहुतेक वादक नेमके तिथूनच बोलायला सुरुवात करतात. रात्ररात्र सराव केला, स्वतःचा अँप नेला, कार्यक्रमाला गाडी आपणच चालवली, हे सगळे खरे असते, पण श्रेयाच्या प्रश्नाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. आज जे संगीत ऐकू येते त्यातला कोणता भाग कोणी रचला, एवढेच कायदा विचारतो. रचणे हे एक काम आणि वाजवणे हे दुसरे. दोन्हींचे हक्क निराळे, पैसे निराळे, मुदतीही निराळ्या. त्यामुळे "इतरांनी फक्त वाजवले" हे गायकाचे वाक्य ड्रमरच्या बाबतीत कदाचित टिकेल, तुमच्या रिफच्या बाबतीत टिकेल असे मला वाटत नाही.

ही सीमारेषा किती बारीक असते हे दोन इंग्लिश निकाल शेजारी ठेवले की कळते. पहिला १९९९ सालचा, स्पँडॉ बॅले या बँडचा. गंमत अशी की यात गिटारवादक प्रतिवादी होता. गॅरी केंप हा त्यांचा गिटारवादक आणि सर्व गाण्यांचा नोंदलेला कर्ता. तो आपल्या प्रकाशन-उत्पन्नातला (रचनेच्या हक्कातून येणाऱ्या पैशातला) काही भाग पूर्वी बँडला देत असे आणि पुढे त्याने तो थांबवला. गायक टोनी हॅडली, सॅक्सोफोनवादक स्टीव्ह नॉर्मन आणि ड्रमर जॉन कीबल न्यायालयात गेले. तोंडी करार होता हे एक म्हणणे, आणि आम्हीही गाण्यांचे सहकर्ते आहोत हे दुसरे. दोन्ही फेटाळली गेली. केंप सरावाला येताना गाणे जवळजवळ पूर्ण करून आणत असे आणि इतरांनी त्यात जे घातले ते उत्तम वादकाचे, उत्तम गायकाचे काम होते, रचनेचे नव्हे, असा निष्कर्ष निघाला. सॅक्सोफोनचा सोलोसुद्धा त्यांना तारू शकला नाही.

दुसरा निकाल प्रोकोल हॅरम या बँडच्या १९६७ सालच्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' या गाण्याचा. गॅरी ब्रूकरने कॉर्ड आणि गायची चाल केली, कीथ रीडने शब्द लिहिले, आणि मॅथ्यू फिशर नंतर बँडमध्ये आला. सरावाच्या काळात त्याने हॅमंड ऑर्गनवर सुरुवातीची आठ बारांची (तालाच्या आठ आवर्तनांची) धून बसवली. श्रेय मात्र ब्रूकर आणि रीड या दोघांचेच राहिले. फिशरने २००५ मध्ये दावा लावला. २००६ च्या अखेरीस न्यायाधीशांनी त्याला सहसंगीतकार ठरवून संगीताच्या हक्कात ४० टक्के हिस्सा दिला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने त्याचे कर्तेपण मान्य केले पण इतक्या उशिरामुळे पैशाचा हक्क नाकारला. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो हिस्सा पुन्हा बहाल केला. आधीच्या अडतीस वर्षांची रॉयल्टी मात्र त्याला मिळाली नाही, दाव्यापासून पुढचीच मिळाली. ब्रूकरच्या कॉर्डवर ऑर्गनची ती धून स्वतःच्या पायावर उभी राहते, गायची चाल बाजूला ठेवली तरी ती गुणगुणता येते, आणि गाणे ओळखू येते ते तिच्यामुळेच. तुमच्या रिफची तुलना करायची तर ती याच प्रकरणाशी करावी लागेल.

आता आपल्याकडचा कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पूर्वी 'सांगीतिक कृती' म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे चिन्हांकित केलेली स्वररचना असा अर्थ होता. १९९४ च्या दुरुस्तीने तो बदलला, आणि जो संगीत रचतो तो संगीतकार, मग त्याने ते लिपीबद्ध केलेले असो वा नसो, अशी व्याख्या आली. रॉक वादकांच्या दृष्टीने यापेक्षा उपयोगी दुरुस्ती नाही. तुम्हाला स्टाफ नोटेशन येत नाही, भातखंडे पद्धतीनेही लिहिता येत नाही, म्हणून तुमचे काही अडत नाही. त्याच व्याख्येप्रमाणे शब्द हे संगीताचा भाग नाहीत. ती स्वतंत्र साहित्यकृती आहे. तेव्हा गीतकार म्हणून गायकाचे एकट्याचे नाव योग्यच आहे, त्या रकान्याला तुम्ही हात लावू नये. भांडण फक्त संगीतकाराच्या रकान्यापुरते आहे. दोन किंवा अधिक जणांनी मिळून केलेली आणि ज्यात एकाचे काम दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही अशी कृती ही संयुक्त कर्तृत्वाची कृती, असे कायदा सांगतो. गायची चाल आणि रिफ एकाच संगीतात विणलेली असतील, रिफ चालीला उत्तर देत असेल, तर हे कलम तुम्हाला लागू पडते.

सोलोबद्दल मी इतका निःशंक नाही. तुम्ही प्रत्येक कार्यक्रमात तो वेगळा वाजवत असाल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल आणि ती कृती नव्हे, सादरीकरण आहे, असे म्हणेल. पेंटाटॉनिकमधली (पाच स्वरांच्या सुरावटीतली) रूढ लिक म्हणजे सर्वांच्या हातातला छोटा तुकडा, चार कॉर्डचा सर्वांच्या वापरातला क्रम, स्ट्रमिंगचा ठेका, यांच्यावर कोणाचीच मालकी सिद्ध होत नाही. म्हणून दाव्याचा सगळा भार रिफवर ठेवावा आणि सोलोचा उल्लेख दुसऱ्या क्रमांकावर करावा. दहा गोष्टी मागणाऱ्याची खरी एक गोष्टही संशयास्पद ठरते.

पुरावा म्हणजे काय, हे माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणावरून सांगतो. सरावाच्या खोलीत कोणीतरी फोन चालू ठेवला होता. पंख्याचा आवाज, मधेच कोणाचे तरी जांभई देणे, मग गायक म्हणतो, "इसके बाद क्या आएगा? कुछ बजा।" गिटारवादक एक तुकडा वाजवतो, कोणी काही बोलत नाही, दुसरा वाजवतो, तोही पडतो, तिसरा वाजवल्यावर गायकाचाच आवाज येतो, "यही रख ले।" प्रसिद्ध झालेल्या गाण्यात जसाच्या तसा तो तिसरा तुकडा होता. समोरच्या बाजूने ही ध्वनिफीत ऐकली आणि प्रकरण दाव्यापर्यंत गेलेच नाही. तेव्हा त्या काळातला व्हॉट्सअ‍ॅप गट, व्हॉइस नोट, ई-मेलने पाठवलेले डेमो, संगणकातल्या प्रोजेक्ट फाइल आज शोधा. फोन विकू नका, गट सोडू नका, फायलींची नावे बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) द्यावी लागते. मूळ फाइल मूळ उपकरणात असेल तर ते काम सोपे होते. स्क्रीनशॉटची जाडजूड फाइल घेऊन येणाऱ्यांची मला दर वेळी काळजी वाटते.

मिक टेलरचे म्हणाल, तर त्याच्या बाबतीत नक्की झाले काय ते नीट पाहा. तो १९६९ मध्ये स्टोन्समध्ये आला आणि १९७४ च्या डिसेंबरात बाहेर पडला. या काळात त्याचे नाव कर्ता म्हणून लागले ते 'व्हेंटिलेटर ब्लूज' या गाण्याला, बँडची मुख्य गाणी रचणारे जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या जोडीने. इतर काही गाण्यांतही आपला वाटा होता आणि श्रेयाचे आश्वासन मिळाले होते, असे त्याने नंतर मुलाखतींतून सांगितले. पण ते आश्वासन तोंडी होते. अन्याय झाला की नाही यावर चाहते आजही वाद घालतात, आणि तो वाद न्यायालयाबाहेरच घालावा लागतो.

मला त्यापेक्षा अमेरिकन रॉक गिटारवादक-गायक चक बेरी याचा इतिहास अधिक बोलका वाटतो, कारण त्यात एकच माणूस दोन्ही बाजूंना दिसतो. १९५५ मध्ये 'मेबलीन' हे त्याचे पहिले गाणे चेस या रेकॉर्ड कंपनीने काढले, तेव्हा कर्ता म्हणून त्याच्या नावाबरोबर आणखी दोन नावे लागली: रेडिओवरचा नामवंत निवेदक अ‍ॅलन फ्रीड आणि कंपनीच्या ओळखीतला रस फ्रॅटो. दोघांनी गाण्याचा एक स्वरही रचला नव्हता. गाणे रेडिओवर वाजावे म्हणून दिलेली ती किंमत होती. आयत्या बिळावरच्या या नागोबांची नावे काढून टाकून संपूर्ण श्रेय बेरीकडे यायला १९८६ साल उजाडले. आणि मग २००० मध्ये त्याच बेरीवर त्याचा जुना पियानोवादक जॉनी जॉन्सन याने दावा लावला. १९५२ च्या शेवटच्या रात्री बेरीला आपल्या त्रिकुटात वाजवायला प्रथम बोलावणारा हाच जॉन्सन. पन्नासाहून अधिक गाण्यांचा मी सहकर्ता आहे, असे त्याचे म्हणणे. २००२ मध्ये दावा फेटाळला गेला, आणि तो रचना कोणाची या मुद्द्यावर नव्हे. इतकी वर्षे उलटून गेल्यामुळे. पियानोवर काय घडले होते हे तपासण्याची वेळच न्यायालयावर आली नाही.

फिशरला अडतीस वर्षांनी मिळाले आणि जॉन्सनला मिळाले नाही, यातून भारतातल्या माणसाने फिशरचा कित्ता गिरवू नये. आपल्याकडे उल्लंघनाच्या भरपाईसाठी ते घडल्यापासून तीन वर्षे, आणि न्यायालयाकडून हक्क जाहीर करून घेण्यासाठीही दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून तीन वर्षे, अशी मुदत कायद्यात आहे. गायकाने तुमचा हक्क स्पष्ट शब्दांत नाकारला ती तारीख, आणि त्याआधी गाणे एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाले ती तारीख, या दोन्ही लिहून ठेवा. यांतली कोणती धरायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून आधीची धरून चालणे शहाणपणाचे.

श्रेय मिळाले तरी पैसा कंपनीच्या करारात अडकतो, हा आणखी एक प्रकार. नॉर्दर्न साँग्ज ही प्रकाशन कंपनी १९६३ मध्ये मुख्यतः बीटल्स या बँडमधल्या लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गाण्यांसाठी निघाली. त्यांचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनही तिच्याशी करारबद्ध होता, पण तिच्या भागभांडवलात त्याचा वाटा नगण्य. परिणामी त्याच्या स्वतःच्या गाण्यांच्या प्रकाशन-उत्पन्नातून कंपनीचे मोठे भागधारक म्हणून त्याच्या सहकाऱ्यांनाही लाभ होत असे. त्याने या अवस्थेवर उपरोधिक गाणेच केले आणि पुढे स्वतःची प्रकाशन कंपनी चालवली. क्रीडन्स या अमेरिकन बँडचा गायक-गिटारवादक जॉन फॉगर्टी याच्यावर तर, त्याच्या नव्या गाण्याने त्याच्याच जुन्या गाण्याची नक्कल केली, असा दावा जुन्या गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीने लावला. १९८८ मध्ये साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन त्याने ज्यूरीला दोन्ही गाणी वाजवून दाखवली आणि तो जिंकला. क्रीडन्सच्या गाण्यांच्या प्रकाशन हक्कांतला बहुतांश वाटा मात्र त्याच्याकडे २०२३ मध्ये आला.

आपल्याकडे हे भांडण गायकांनी आणि चित्रपट संगीतकारांनी लढले. आपल्याच इंदुरात १९२९ मध्ये जन्मलेल्या लता मंगेशकर यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला आणि त्यापायी मोहम्मद रफींशी त्यांचा काही वर्षे अबोला झाला. संगीतकार आणि गीतकारांच्या बाबतीत १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निर्मात्यांचे पारडे जड केले होते. ते २०१२ च्या दुरुस्तीने बरेचसे सारखे झाले. आता चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या कृतीचा कर्ता आपला रॉयल्टीतला समान हिस्सा कंपनीला लिहून देऊच शकत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. वेबमालिकेचे कंत्राट हाती आले की त्यात "एकरकमी मोबदल्यात सर्व हक्क कायमचे" असे वाक्य बहुधा असेल. रॉयल्टीपुरते ते वाक्य निरर्थक आहे, पण ते खोडायलाच सांगावे. मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर फक्त भारतापुरते, असे कायदा धरून चालतो. म्हणून निर्मात्याचा वकील या दोन्ही रिकाम्या जागा आवर्जून भरतो.

तुमच्या हातात याहून मोठे दोन मुद्दे आहेत. पहिला असा, की भारतात एक सहमालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देऊ शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये हीच भूमिका घेतली. अमेरिकेत तसे नाही, तिथे सहमालक साधा (एकाधिकार न देणारा) परवाना देऊन नंतर हिशेब देऊ शकतो, त्यामुळे अमेरिकन व्हिडिओ पाहून तयार केलेली समजूत इथे कामाची नाही. दुसरा मुद्दा खुद्द ध्वनिमुद्रणाचा. संगीत आणि ध्वनिमुद्रण या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत, आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. स्टुडिओचे बिल चौघांनी वाटून यूपीआयने दिले असेल, मिक्सिंगसाठी चौघांच्या नावे बोलणी झाली असतील, तर मुद्रण चौघांचे आहे, आणि वेबमालिकेला संगीत व मुद्रण दोन्ही लागतात. बँकेच्या उताऱ्यातली ती एक ओळ काही वेळा रिफपेक्षाही वजनदार ठरते. याशिवाय वादक म्हणून तुमचे सादरकर्त्याचे हक्क आहेत, ते ५० वर्षे टिकतात, आणि सादरकर्ता म्हणून नाव लागण्याचा अधिकारही त्यात येतो. ड्रमर आणि बास वाजवणारा हेही याच दोन वाटांनी आपला पैसा मागू शकतात. त्यांना सोबत घ्या.

प्रत्यक्षात करायचे ते असे. सर्वप्रथम गायकाला नम्र आणि तारखांनिशी पत्र द्या: रिफ केव्हा, कुठे, कोणासमोर बसवली, आणि संगीतकाराच्या रकान्यात दोघांची नावे हवीत. वितरकाकडचा मेटाडेटा (गाण्यासोबतची नावांची नोंद) दुरुस्त करता येतो, ते कठीण काम नाही. आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत गायकाने कृती नोंदवली असेल तर तिथे लेखी हरकत द्या. तुम्ही सभासद नसाल तर व्हा. गायकाने कॉपीराइट नोंदणी केली असेल तर घाबरू नका. नोंदणी सक्तीची नाही, तिचे मोल केवळ प्रथमदर्शनी पुराव्याचे असते, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. वेबमालिकेच्या निर्मात्यांना पत्र देताना मात्र जपून. हक्काविषयी वाद आहे एवढेच त्यांना कळवा. खटल्याच्या धमक्या देऊ नका, कारण निराधार धमकीविरुद्ध कायद्यात समोरच्याला स्वतंत्र दावा आहे, आणि धमकीचे पत्र गेले की निर्माता दुसरे गाणे शोधतो. मग हिस्सा कशात मागणार?

नाहीच जमले, तर कॉपीराइटचा दावा वादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. मुंबईच्या कंपनीसाठी मुंबईला जावे लागत नाही. वादाचे मूल्य तीन लाख किंवा त्याहून अधिक असून तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि बँडच्या भांडणांत मला तीच जागा सर्वांत फलदायी वाटते. तिथे आकडा सांगावा लागतो, तो आधी ठरवा. गाण्याचे निम्मे शब्दांचे आणि निम्मे संगीताचे असा व्यवहारातला रूढ हिशेब आहे. माझ्या मते तुम्ही संगीताच्या निम्म्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा, म्हणजे एकूण गाण्याचा पाचवा भाग, मागावा. मुद्रणाचे उत्पन्न चौघांत सारखे. अर्ध्या गाण्यावर हक्क सांगितलात तर मध्यस्थही तुमच्याकडे गंभीरपणे पाहणार नाही.

राहता राहिली बँडची बाकीची गाणी. डीप पर्पलच्या गाजलेल्या पाच जणांच्या संचाने बहुतेक गाणी पाचांच्या नावे लावली, आर.ई.एम.ने चौघांच्या, आणि क्वीनने १९८९ च्या अल्बमपासून सगळे श्रेय बँडच्या नावावर टाकले. तुम्ही तसेच करावे असा माझा आग्रह नाही. एकाच माणसाची सगळी सुचलेली कामे चौघांत वाटणे हाही अन्याय होऊ शकतो. पण नवे गाणे मुद्रित होईल त्या आठवड्यात एका कागदावर गाण्याचे नाव, तारीख, शब्द कोणाचे, संगीत कोणाचे आणि किती टक्के, मुद्रणाचा खर्च कोणी दिला एवढे लिहून चौघांच्या सह्या घ्या, आणि वितरकाकडे भरायचा अर्ज त्या कागदावरूनच भरा.